दूर बसून सर्व्हरची नेटवर्क सेटिंग कशी बदलावी? आयपी, गेटवे, डीएनएस आणि परतीचा रस्ता

छत्रपती संभाजीनगरमध्ये सर्व्हर बहुतेक वेळा माणसापासून लांब असतो. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याच्या भोवती पुरवठादारांचे लहान-मोठे शेड वाढत गेले. आज अशा शेडमध्ये एखाद्या कपाटात किंवा जिन्याखाली एक सर्व्हर असतो. त्यावर हिशेब, स्टॉक आणि पंचिंग मशीनचा डेटा चालतो. तो सांभाळणारा माणूस मात्र सिडकोत किंवा जालना रोडवरच्या ऑफिसात बसलेला असतो. मीही असे सर्व्हर बहुतेक वेळा लांबूनच सांभाळतो.

लांबून केलेल्या इतर कामात चूक झाली तर ती लांबूनच दुरुस्त करता येते. नेटवर्क सेटिंगचं तसं नाही. ज्या फांदीवर आपण बसलो आहोत तीच इथे कापायची असते. गेटवेचा एक आकडा चुकला की सर्व्हर चालू असूनही आपल्याला दिसत नाही. शेडमधल्या लोकांचं सॉफ्टवेअर थांबतं, ई-वे बिल निघत नाही, भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो. मग शहर ओलांडून वाळूजला जाण्यावाचून पर्याय उरत नाही. म्हणून या लेखात कमांड तर सांगणारच आहे, पण त्याआधी परतीचा रस्ता कसा बांधून ठेवायचा हेही प्रत्येक टप्प्यावर पाहू.

कमांड कशा वाचायच्या

खालच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. शेवटी ‘सीटीएल’ असेल तर सी, टी, एल ही तीन अक्षरं समजा. सेटिंग बदलणाऱ्या प्रत्येक कमांडच्या आधी ‘सुडो’ लागतं. उदाहरणात सर्व्हरचा नवा पत्ता १९२.१६८.१०.५, राउटर १९२.१६८.१०.१ आणि नेटवर्क कार्डाचं नाव ईएनओ१ धरलं आहे. तुमच्याकडे हे वेगळं असेल.

१. आधी आहे ते लिहून घ्या

काहीही बदलण्याआधी या चार कमांड चालवा आणि उत्तरं कागदावर किंवा फोनमध्ये उतरवून घ्या. ती फक्त सर्व्हरवर ठेवली तर गरजेच्या वेळी हाती लागणार नाहीत.

- आयपी ॲड्रेस शो: कार्डांची नावं आणि त्यांचे सध्याचे पत्ते.
- आयपी राउट शो: ‘डिफॉल्ट व्हाया’ने सुरू होणारी ओळ म्हणजे गेटवे.
- रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस: कोणता डीएनएस वापरला जातो. ही कमांड नसेल तर ‘कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’.
- होस्टनेमसीटीएल: मशीनचं नाव आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती.

जुन्या पुस्तकांत ‘आयएफकॉन्फिग’ सापडेल. आजच्या बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर ती कमांड मुळात बसवलेलीच नसते. तिची जागा ‘आयपी’ने घेतली आहे. तसंच जुनं ‘ईटीएच०’ हे नाव जाऊन आता ईएनओ१, ईएनपी३एस०, ईएनएस३३ अशी नावं दिसतात. कार्ड मदरबोर्डवर आहे की कोणत्या स्लॉटमध्ये आहे, यावरून ती ठरतात. अंदाजाने नाव टाकू नका, पहिल्या कमांडच्या उत्तरातून जसंच्या तसं उचला.

पत्त्यापुढचं ‘/२४’ विसरू नका. त्याचा अर्थ पत्त्याचे पहिले तीन आकडे नेटवर्कचे आणि शेवटचा मशीनचा. अशा नेटवर्कमध्ये २५६ पत्ते असतात, त्यातले २५४ मशीनना देता येतात. गेटवे याच २५४ पैकी असायला हवा. सर्व्हर १९२.१६८.१०.५ आणि गेटवे १९२.१६८.१.१ असं लिहिलं तर सर्व्हरला शेजारचं दार सोडून भलत्याच गल्लीतलं दार दाखवल्यासारखं होतं.

२. नवा पत्ता निवडताना

ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी तीन पट्टे राखीव आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, त्यामुळे कुणीही आपल्या आत वापरू शकतं.

पत्ता निवडताना मी तीन गोष्टी बघतो. पहिली, राउटर आपोआप जे पत्ते वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा पत्ता घ्यावा. नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या मोबाइललाच सर्व्हरचा पत्ता मिळतो. दुसरी, नवं नेटवर्क उभारत असाल तर १९२.१६८.१ आणि १९२.१६८.० हे पट्टे टाळावेत. घरच्या बहुतेक राउटरमध्ये हेच असतात. घरून व्हीपीएन लावलं की दोन्हीकडे एकच पट्टा येतो आणि कॉम्प्युटर सर्व्हरला स्वतःच्याच घरात शोधत बसतो. तिसरी, निवडलेला पत्ता आधी कुणी घेतलेला नाही याची खात्री करावी. नुसतं पिंग पुरत नाही, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही. त्याऐवजी ‘एआरपिंग’ वापरा. त्याला मोठं डी, मोठं आय आणि कार्डाचं नाव, मग लहान सी आणि ३, शेवटी पत्ता द्यायचा:

एआरपिंग -डी -आय ईएनओ१ -सी ३ १९२.१६८.१०.५

शून्य उत्तरं आली तर त्या क्षणी तरी पत्ता मोकळा आहे. रात्री बंद असलेला प्रिंटर किंवा पंचिंग मशीन यात सापडत नाही, म्हणून ही तपासणी शिफ्ट चालू असताना करावी.

आणखी एक यादी करा: जुना पत्ता कुठे कुठे लिहून ठेवला आहे? राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची क्लायंट मशीन, पंचिंग मशीन, बॅकअपची स्क्रिप्ट, प्रिंटरचा स्कॅन-टू-फोल्डर. सर्व्हर नव्या पत्त्यावर छान चालतो आणि दुसऱ्या दिवशी हजेरी येत नाही, याचं कारण बहुधा ही न केलेली यादी असते.

३. तात्पुरता बदल आणि कायमचा बदल

लिनक्समध्ये नेटवर्क सेटिंग दोन जागी असते. एक चालू स्थितीत, म्हणजे मेमरीत, आणि दुसरी डिस्कवरच्या फाइलमध्ये. ‘आयपी’ कमांडने केलेला बदल फक्त चालू स्थितीत होतो, मशीन रिबूट झालं की तो पुसला जातो. फाइलमधला बदल कायम राहतो, पण तो लागू केल्याशिवाय दिसत नाही. अनेकांना हा फरक अडचणीचा वाटतो. लांबून काम करणाऱ्यासाठी तोच सुरक्षेची दोरी आहे: आधी तात्पुरतं करून बघायचं, जमलं तरच कायम करायचं.

पत्ता त्याच नेटवर्कमध्ये बदलायचा असेल तर जुना न काढता नवा शेजारी जोडता येतो:

आयपी ॲड्रेस ॲड १९२.१६८.१०.५/२४ डेव्ह ईएनओ१

(‘डेव्ह’ म्हणजे डी, ई, व्ही.) आता त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून नव्या पत्त्यावर एसएसएच करून बघा. जुना पत्ता चालूच असल्यामुळे तुमचं कनेक्शन तुटत नाही. नवा पत्ता नीट चालतो हे दिसल्यावर फाइलला हात लावा.

गेटवेसारखा धोक्याचा बदल करताना आधी ठरावीक वेळेने रिबूट लावून ठेवता येतो:

शटडाउन -आर +२०

वीस मिनिटांत काम जमलं तर ‘शटडाउन -सी’ने रिबूट रद्द करा. नाही जमलं आणि कनेक्शन तुटलं, तर मशीन स्वतः रिबूट होऊन जुन्या फाइलप्रमाणे उभं राहील. यात दोन गोष्टी सांभाळा. रिबूटच्या आधीची शेवटची पाच मिनिटं साध्या युजरला नवं लॉगिन मिळत नाही, म्हणून वेळ मोकळी ठेवा. आणि डेटाबेस चालू असेल तर हे काम शिफ्ट सुटल्यावर, बॅकअप घेऊनच करा.

४. उबंटू सर्व्हर: नेटप्लॅन

उबंटूमध्ये १७.१० आवृत्तीपासून नेटवर्कची कायमची सेटिंग नेटप्लॅन सांभाळतो. फाइल ‘/ईटीसी/नेटप्लॅन’ या फोल्डरमध्ये असते आणि तिचं नाव ‘.वायएएमएल’ने संपतं. आधी तिची प्रत काढा, पण त्याच फोल्डरमध्ये ‘.वायएएमएल’ नावाने ठेवू नका. नेटप्लॅन त्या फोल्डरमधल्या अशा सगळ्या फाइल वाचतो आणि दोन फाइलमध्ये दोन पत्ते असले तर दोन्ही लावतो. प्रत आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवावी.

फाइलचा मजकूर असा असतो:

नेटवर्क:
  व्हर्जन: २
  रेंडरर: नेटवर्कडी
  इथरनेट्स:
    ईएनओ१:
      डीएचसीपी४: नो
      ॲड्रेसेस:
        - १९२.१६८.१०.५/२४
      राउट्स:
        - टू: डिफॉल्ट
          व्हाया: १९२.१६८.१०.१
      नेमसर्व्हर्स:
        ॲड्रेसेस: [१९२.१६८.१०.१, ८.८.८.८]

इथे मोकळ्या जागेला अर्थ आहे. ओळ किती आत सरकली आहे यावरून ती कुणाच्या खाली येते हे ठरतं. टॅब चालत नाही, स्पेसच द्यायची. जुन्या लेखांत ‘गेटवे४’ अशी ओळ दिसेल. ती आता मोडीत काढली आहे, तिच्या जागी वरचा ‘राउट्स’चा भाग लिहावा.

फाइलचं नाव ‘५०-क्लाउड-इनिट’ने सुरू होत असेल तर ती क्लाउड-इनिट नावाच्या प्रोग्रामने तयार केलेली आहे. तो ती पुन्हा लिहू शकतो. तसं होऊ नये म्हणून काय करायचं, हे बऱ्याचदा त्या फाइलच्या सुरुवातीच्या टिपेतच लिहिलेलं असतं. ती टीप न वाचता बदल करू नका.

आता लागू करणं. ‘नेटप्लॅन अप्लाय’ लगेच बदल करतं आणि मागे फिरत नाही. लांबून काम करताना त्याऐवजी नेहमी हे वापरा:

नेटप्लॅन ट्राय

ही कमांड नवी सेटिंग लावते आणि १२० सेकंद वाट बघते. तेवढ्यात एंटर दाबलं तर बदल कायम होतो. नाही दाबलं तर ती जुन्या सेटिंगवर परत येते. कनेक्शन तुटलं की एंटर दाबणारं कुणी उरत नाही, म्हणून सर्व्हर आपोआप परत सापडतो.

पण पत्ताच बदलत असेल तर कनेक्शन तुटणारच, मग एंटर कुठून दाबायचं? त्यासाठी आधी ‘टीमक्स’ सुरू करा आणि त्याच्या आत ही कमांड चालवा. वेळ थोडा वाढवून घ्या: नेटप्लॅन ट्राय --टाइमआउट ३००. खिडकी गोठली की नव्या पत्त्यावर एसएसएच करा, ‘टीमक्स अटॅच’ लिहा, तीच प्रतीक्षा समोर येईल, तिथे एंटर दाबा. नव्या पत्त्यावरून आत येता आलं हीच बदल बरोबर असल्याची खूण.

बदल मागे फिरला तर फाइल उघडून बघा. तिच्यात नवा मजकूर तसाच असेल तर होम फोल्डरमधली प्रत परत ठेवा, नाहीतर पुढच्या रिबूटला तीच चूक पुन्हा उभी राहील. दोन कार्डं एकत्र बांधली असतील किंवा ब्रिज केला असेल, तर त्यांच्या खास सेटिंग ‘ट्राय’ला परत फिरवता येत नाहीत. असं काम सर्व्हरसमोर बसूनच करावं.

५. रेड हॅट, रॉकी, अल्मा: एनएमसीएलआय

या घराण्यात नेटवर्क मॅनेजर असतो आणि त्याची कमांड ‘एनएमसीएलआय’. आधी ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ने कनेक्शनचं नाव बघा, ते कार्डाच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं. मग एका ओळीत:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय --टेम्पररी ईएनओ१ आयपीव्ही४.ॲड्रेसेस १९२.१६८.१०.५/२४ आयपीव्ही४.गेटवे १९२.१६८.१०.१ आयपीव्ही४.डीएनएस १९२.१६८.१०.१ आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल

त्यानंतर ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप ईएनओ१’. ‘टेम्पररी’मुळे बदल डिस्कवर लिहिला जात नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वीस मिनिटांचा रिबूट लावा, मग वरच्या दोन कमांड, मग नव्या पत्त्यावरून लॉगिन. जमलं तर रिबूट रद्द करा आणि पहिली कमांड ‘टेम्पररी’ शब्द काढून पुन्हा द्या. हा शेवटचा टप्पा राहून गेला तर आज सगळं चालतं आणि पुढच्या वेळी वीज गेली की सर्व्हर जुन्या पत्त्यावर जागा होतो.

६. मशीनचं नाव

नाव बदलायचं तर ‘होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम’ आणि पुढे नवं नाव. फक्त इंग्रजी लहान अक्षरं, आकडे आणि मधली रेघ वापरा. उबंटूवर ‘/ईटीसी/होस्ट्स’ फाइलमधल्या १२७.०.१.१ च्या ओळीतही नवं नाव लिहा, नाहीतर सुडो दिलं की नाव सापडत नसल्याची तक्रार येते.

नावात शहर घालू नये असं माझं मत आहे, आणि आपल्या शहराइतकं चांगलं कारण दुसरं नाही. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर, अशी नावं या एका जागेने पाहिली. लेटरहेड पुन्हा छापता येतं. सर्व्हरचं नाव मात्र सर्टिफिकेट, बॅकअप आणि शेअर फोल्डरच्या पत्त्यांत जाऊन बसलेलं असतं. कामावरून नाव द्या: हिशेब-०१, बॅकअप-०२ अशा धर्तीचं. ते बदलायची वेळ सहसा येत नाही.

७. फायरवॉल आणि वेळ

उबंटूवर यूएफडब्ल्यू चालू करायची असेल तर क्रम पाळा. आधी ‘यूएफडब्ल्यू अलाउ २२/टीसीपी’, मगच ‘यूएफडब्ल्यू एनेबल’. एसएसएचचं पोर्ट बदललेलं असेल तर २२ च्या जागी ते लिहा. क्रम उलटा झाला तर नव्या लॉगिनला दार बंद. हे करताना एक जुनी एसएसएच खिडकी उघडी ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून बघा.

वेळेसाठी ‘टाइमडेटसीटीएल’ चालवा. घड्याळ जुळलेलं आहे का आणि टाइमझोन एशिया/कोलकाता आहे का, हे त्यात दिसतं. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. गेटवे किंवा डीएनएस बदलल्यावर वेळ जुळणं गुपचूप थांबू शकतं, म्हणून ही तपासणी नेटवर्कच्या कामातच धरा.

८. चालत नसेल तर कुठे बघायचं

नळाला पाणी आलं नाही की आपण कसा विचार करतो? घरातली तोटी, गल्लीतला व्हॉल्व्ह, नक्षत्रवाडीची टाकी, फारोळ्याचं शुद्धीकरण केंद्र, शेवटी जायकवाडी. नेटवर्कही असंच जवळून लांब तपासायचं. मधली पायरी गाळायची नाही.

१. आयपी लिंक शो: कार्डापुढे ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर केबल किंवा स्विच. सेटिंगला हात लावू नका.
२. आयपी ॲड्रेस शो: हवा तो पत्ता लागला आहे का?
३. पिंग -सी ४ १९२.१६८.१०.१: गेटवे उत्तर देतो का? नसेल तर पत्ता, /२४ किंवा केबल.
४. पिंग -सी ४ ८.८.८.८: गेटवे चालतो पण हे नाही, तर डिफॉल्ट राउट किंवा राउटरच्या पलीकडची लाइन.
५. रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी आणि पुढे एखाद्या वेबसाइटचं नाव: चौथी पायरी पार झाली आणि ही अडली, तर दोष फक्त डीएनएसचा.
६. एसएस -टीएलएन: सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर नव्या पत्त्यावर ऐकतं आहे का? काही प्रोग्राम जुना पत्ताच धरून बसतात, त्यांच्या सेटिंगमध्ये तो बदलावा लागतो.

निघण्याआधी

सगळं चालू लागल्यावर सर्व्हर एकदा मुद्दाम रिबूट करा. आपण जागे आणि समोर असताना जे उभं राहतं, तेच रात्री वीज जाऊन आल्यावर उभं राहील. मग नवा पत्ता, गेटवे, कार्डाचं नाव आणि तारीख एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला सांगा. त्या शेडमध्ये सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडू शकेल असा एक माणूस ठरवून घ्या आणि काम सुरू करण्याआधी तो जागेवर आहे का हे विचारा. सर्व्हरला रिमोट मॅनेजमेंटचं वेगळं पोर्ट असेल तर त्यात केबल लावून ठेवा. मूळ नेटवर्क कार्ड हरवलं तरी त्या दाराने आत जाता येतं.